बाटलीचा दोष

क्रेनच्या धंद्यात माणसं दोनच प्रकारची, वरची आणि खालची. वरचा माणूस मनोऱ्याच्या टोकाशी काचेच्या खोलीत बसून दांडे हलवतो, आणि खालचा माणूस वायरलेसवर त्याला सांगतो की डावीकडे घ्या, हळू सोडा, थांबा. वरच्याला पगार जास्त, मानही जास्त. खालच्याच्या वाट्याला धूळ, ऊन आणि येणाऱ्याजाणाऱ्याची बोलणी. मी जन्मभर खालचा. माझे भावोजी वरचे, आणि त्यांना ही नोकरी मीच लावून दिली असं मी चारचौघांत सांगत असे. खरं तर उलट होतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगानं आडदांड, बोलायला कंजूष. घरी दोन शब्द काढून घ्यायचे तर ताईच्या नाकी नऊ यायचे. वर बसले की मात्र वायरलेसवर त्यांची जीभ सैल सुटायची. "मेव्हणे, ती सळयांची मोळी बांधलीत की नुसती गुंडाळलीत? उचलली तर तुमच्याच टाळक्यात यायची." मी म्हणायचो, "भावोजी, तुम्ही उचलायचं बघा, टाळक्याचं माझं मी बघतो." सगळ्या साइटवर हे ऐकू जायचं. लोकांची तेवढीच करमणूक.

क्रेन हलते हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. खालून ती खांबासारखी ताठ दिसते. पण जड ओझं उचललं की ती किंचित वाकते, ओझं सुटलं की झटक्यात सरळ होते, आणि वारा असला तर दिवसभर डुलत राहते. वरच्या माणसाच्या अंगात ते डुलणं मुरतं. संध्याकाळी तो शिडी उतरून घरी जातो, जेवायला बसतो, तरी त्याची खुर्ची हलतच असते. छातीत थरथर, डोकं हलकं, पाऊल कुठे पडतंय त्याचा पत्ता नाही. आमच्यात याला 'अजून उतरला नाही' म्हणतात. नवखा माणूस घाबरतो, जुने त्याला हसतात, आणि महिन्याभरात तोही हसायला लागतो.

ताईच्या घरात तर हा रोजचाच खेळ. भावोजी चौकटीला हात टेकून उभे राहिले की ताई आतून ओरडायची, "अहो, उतरा आता, पानं वाढलीयत." कुणी पाहुणा असला तर त्याला सांगायची, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते अजून वरच आहेत." भावोजी गालात हसायचे, भिंत धरून टेबलापर्यंत यायचे आणि बसायचे. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्यात काही वेगळं बघावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

मग एका वर्षी कंपनीच्या तपासणीत त्यांच्या रक्तात साखर निघाली. कंपनीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, साखर आटोक्यात आली नाही तर वर चढणं बंद, गोदामात बसून माल मोजायचा. भावोजी घरी आले ते तोंडाला कुलूप लावूनच. त्या माणसाला गोदामात बसवणं म्हणजे जिवंतपणी मारणं, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई शिवणकाम करते. पडदे शिवते, लोकांचे ढगळ कपडे उसवून मापात बसवून देते. नवऱ्यालाही तिनं तसंच मापात बसवायला घेतलं. घरातली साखर गेली, बिस्किटांचा डबा गेला, जॅमची बरणी गेली. भावोजींना दुपारी वर एक सवय होती. ती काचेची खोली दुपारी भट्टी होते, डोळे जड होतात, आणि डोळे जड झालेला क्रेनवाला म्हणजे खालच्यांच्या जिवाला घोर. म्हणून ते गार, गोड, फसफसणारं पेय प्यायचे. ताईनं तेही बंद केलं. पुढचे काही आठवडे वायरलेसवर त्यांचा आवाज असा यायचा, जणू मीच त्यांची साखर चोरली होती.

मग ताईला दुकानात ती डाएटवाली बाटली दिसली. लेबलवर लिहिलेलं, साखर शून्य, कॅलरी शून्य. ताईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा लावून वाचलं, औषधवाल्याला दाखवलं, कंपनीच्या डॉक्टरला फोन करून विचारलं. सगळ्यांनी मान डोलावली. मला म्हणाली, "सगळंच तोडलं रे मी त्यांचं. एवढं एक गोड तरी राहू दे." बाटली हातात धरून ती माझ्याशी बोलत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं.

तेव्हापासून रोज सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन मोठ्या बाटल्या एका पिशवीतून यायच्या. भावोजी आधी शिडी चढून वर जायचे, मी पिशवी बादलीत ठेवून हूकला अडकवायचो, आणि ते ती वर घ्यायचे. दिवसाचं पहिलं ओझं ताईचं. बाटल्या संध्याकाळी खाली यायच्या तेव्हाही भरलेल्याच असायच्या, फक्त आतला माल बदललेला असायचा. वर संडास नसतो. ताईला हे कळल्यावर तिनं त्या बाटल्या घरी आणायला सक्त मनाई केली आणि मला दोन दिवस जेवायला बोलावलं नाही, जणू ती कल्पना माझी होती.

साखर उतरली. पुढच्या तपासणीत भावोजी पास झाले. ताई भेटेल त्याला त्या पेयाची महती सांगायची. "त्यात काही नाहीच मुळी," म्हणायची. "ज्यात काही नाही ते वाईट काय करणार?" शिवणाच्या टेबलाखाली तिनं बाटल्यांची खोकी रचून ठेवली होती, आणि रोज त्यातल्या मोजून दोनच काढून द्यायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. भावोजींचं 'न उतरणं' वाढत चाललं. आधी रात्रीच्या जेवणापर्यंत ओसरायचं, आता सकाळपर्यंत राहायचं. शिडी चढताना ते मध्येच थांबायचे. सुट्टीच्या दिवशी, जेव्हा ते वर गेलेलेच नसत, तेव्हाही भिंत धरून चालायचे. आमच्याकडे त्याचंही उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं डुलणं साठत जातं, म्हणायचो आम्ही. जुने क्रेनवाले म्हणाले, होतं असं. मीही चेष्टा केली, "भावोजी, आता तुम्ही रजा घेतलीत तर क्रेनच घरी येते तुमच्या." ते हसले, पण नेहमीसारखे नाही.

ते पडले तेही सुट्टीच्याच दिवशी. ताईचा फोन आला, "लवकर ये, हे जमिनीवर आहेत आणि तोंड वाकडं झालंय." इस्पितळात पोचलो तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती.

हृदयाच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. त्यांनी सांगितलं, हृदयाचे ठोके बेताल पडतायत. हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबले न जाता नुसते थरथरतायत, त्यामुळे रक्त तिथे रेंगाळलं, गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. "हे आजचं नाही. अधूनमधून बरेच दिवस होत असणार. तपासणीच्या वेळी नेमकं ठीक असलं तर सापडत नाही. त्यांना कधी धडधड, छातीत थरथर, चक्कर?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे. ताईच बोलली, "ते क्रेनवर असतात ना. क्रेनवाल्यांना होतंच ते."

"सुट्टीच्या दिवशीही व्हायचं?" बाईंनी विचारलं.

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. पुढचं उत्तर मी दिलं, हो म्हणून. बाईंनी आम्हाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

भावोजी त्यानंतर थोडेच दिवस होते. बोलता येईना, पण डावा हात चालत होता. एका दुपारी त्यांनी तो हात वर केला, तळवा जमिनीकडे केला आणि सावकाश खाली-वर हलवला. नर्सला कळेना, ताईला कळेना. ताई रडवेली होऊन म्हणाली, "काय म्हणतायत रे?" मला कळलं. तो आमचा इशारा होता, हळू खाली घ्या. वायरलेस बंद पडला की मी खालून त्यांना तोच हात करायचो. मी पलंगाची कळ धरून डोक्याकडची बाजू हळूहळू खाली आणली. त्यांनी मूठ वळली, म्हणजे बस. मी थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते इशारा करत होते आणि ओझं मी उतरवत होतो. बाहेरच्या नळावर जाऊन मी पोटभर रडून घेतलं आणि तोंड धुऊन परत आलो. ताई मात्र रडली नाही. ती त्यांच्या पांघरुणाची सुटलेली कड बोटानं चाचपत बसली होती.

दुसरी गुठळी आली आणि ते गेले. शेवटच्या निरोपालाही ताईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. लोक म्हणाले, घट्ट आहे बाई. मला त्या घट्टपणाची धास्ती वाटत होती.

भेटायला माणसं येत होती. शोकाच्या घरी आलेल्या माणसानं एक तर गप्प बसावं किंवा चहा पिऊन निघावं, असं माझं मत आहे. पण समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंना गप्प बसणं जमत नाही. टेबलाखालची खोकी बघून त्या म्हणाल्या, "हे पीत होते का ते? अहो, याच्यानं हृदयाचे ठोके बिघडतात म्हणे. मी वाचलंय." वाईट मनानं म्हणाल्या नाहीत. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला आणि बाईंना जवळजवळ हाताला धरून दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई शिवायला बसली ती त्या खोक्यांना पाय लावून. खोकी हलवू देईना. मी म्हटलं, फेकून देतो, तर म्हणाली, "राहू देत." मग एका सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. "तू त्या डॉक्टर बाईंकडे जा. मला जमायचं नाही. त्यांना विचार, मी दिलं त्यानं झालं का. सरळ विचार, घोळ घालू नकोस. आणि त्या काय म्हणतात ते मला जसंच्या तसं येऊन सांग."

मी गेलो. रांगेत बसून मनाशी ठरवून टाकलं होतं की बाईंकडून 'नाही' एवढा एकच शब्द घेऊन यायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काही अभ्यासांत असं दिसलंय खरं. जे लोक अशी पेयं खूप पितात, त्यांच्यात ठोके बेताल होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण दिसणं वेगळं आणि त्यानंच होणं वेगळं. मुळात ही पेयं पितं कोण? ज्याचं वजन जास्त, ज्याला साखर आहे, तोच. आणि वजन, साखर, वय हे सगळंच ठोक्यांना वाईट. पावसात छत्रीवाले जास्त दिसतात, म्हणून छत्रीनं पाऊस आणला असं होत नाही."

"म्हणजे नाही," मी म्हटलं.

"तसंही नाही. छत्री निर्दोष आहे असं मी सांगू शकत नाही. अजून कुणालाच पक्कं माहीत नाही."

"बाई, तुम्ही एकदा 'नाही' म्हणा. तुमचं काय जातं? माझी बहीण तिकडे बसलीय."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं चांगल्यासाठीच दिलं, आणि साखर उतरली तीही खरीच. हे सांगा त्यांना. पण जे मला माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून सांगणार नाही." मला त्यांचा रागही आला आणि आदरही वाटला. बाहेर पडलो तेव्हा राग जास्त होता.

वाटेतच मी ठरवलं. बाईंना जमत नसेल तर मला जमेल. खोटं बोलायला शिक्षण लागत नाही.

ताई मशीनवर होती. मी बसलोसुद्धा नाही. "डॉक्टर म्हणाल्या, बाटलीचा काडीचाही संबंध नाही. डोक्यातून काढून टाका म्हणाल्या."

तिनं चाक हातानं थांबवलं. "नक्की?"

"शंभर टक्के."

मला वाटलं होतं तिच्या जिवावरचा धोंडा उतरेल. ती मशीनवरच्या कापडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग माझंच."

"तुझं काय ताई? मी आत्ताच सांगितलं ना—"

"ऐक. मी पडदा शिवत होते. तोंडात टाचण्या होत्या. हे मागून आले, माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. म्हणाले, बघ गं, आत कसं वेडंवाकडं चाललंय. आणि मला लागलं रे ते हाताला. मशीन मध्येच टाका सोडते तेव्हा बोटांना कळतं, तसं. दोन टाके, मग काही नाही, मग चार एकदम. डुलणं असं नसतं हे मला त्याच क्षणी कळलं होतं." ती थांबली. "गिऱ्हाईक यायचं होतं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलले नाही. हात काढून घेतला आणि पडदा पुढे ओढला. त्यांनी पुन्हा कधी हात धरला नाही."

मी टेबलाखालच्या खोक्यांकडे बघितलं.

"बाटलीनं झालं असतं तर चाललं असतं मला," ताई म्हणाली. "ती मी चांगली म्हणून दिली होती. चांगलं करायला गेले आणि चुकले, एवढं उराशी धरून मी राहिले असते. सगळ्या जगानं सांगितलं होतं मला, काही होत नाही म्हणून. पण हे कुणी सांगितलं नव्हतं. हे माझ्या हातालाच कळलं होतं."

आणि मी तिची बाटली काढून घेतली होती. तिला धरायला जी एकच गोष्ट होती ती मीच मोठा शहाणा म्हणून लांब भिरकावली होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो.

"ताई, डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं. पक्कं कुणालाच माहीत नाही, पण जे खूप पितात त्यांच्यात हे जास्त दिसतं, असं म्हणाल्या. असूही शकेल."

तिनं मान वर केली. "खूप म्हणजे किती?"

"खूप."

"मी दोनच द्यायचे."

"दोन?" मी म्हटलं. तोवर पुढचं वाक्य मलाही ठाऊक नव्हतं. "तुझ्या दोन तर दुपारच्या आत संपायच्या. मग ते बाहेरून मागवायचे. माझ्याकडूनच बादलीतून वर घ्यायचे."

"मला न सांगता?"

"तुला सांगू नको म्हणाले होते."

ताईचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. "बघ," ती म्हणाली. "बघ कसा माणूस. मी इथे दाणा दाणा बघून वाढत होते, आणि हा माणूस वर बसून..." तिनं टेबलाखालच्या खोक्याला पायानं ढकललं. "एक शब्द ऐकला का हो माझा कधी? एक तरी? दोन म्हणजे दोन सांगितलं होतं ना मी?" ती त्यांच्याशीच बोलत होती, थेट, समोर उभे असल्यासारखी. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि मशीनवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली. रडत होती आणि मधेमधे त्यांना रागावत होती, लबाड म्हणत होती, चोर म्हणत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून हो, हो म्हणत राहिलो.

भावोजींनी बाहेरून एक घोटही कधी मागवला नव्हता. कुणी काही देऊ केलं तर 'हिला विचारून सांगतो' म्हणायचे, आणि त्यावरून साइटवर त्यांची खिल्ली उडायची. असल्या माणसाला मी त्या दुपारी चोर ठरवलं, आणि आजपर्यंत ताईला खरं सांगितलेलं नाही.